चौधरीकाकांची फौज

सकाळी पावणेसातला मी शाळेला निघाले, तर समोरच्या दारातून चौधरीकाकांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "आज जिन्यावरून जपून उतर. काल तुला बान लागला."

"कुठे?"

"मांडीत. विषारी होता."

मी गणिताची शिक्षिका. मांजर आडवं जाणं, पाल चुकचुकणं असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. तरी त्या दिवशी दोन मजले कठडा धरून उतरले. खाली पोचल्यावर स्वतःचाच इतका राग आला, की रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

एव्हरशाईन सिटीत राहायला आल्यापासून काका आमचे शेजारी. मूळचे खाडीकडच्या गावातले, केळीच्या वाडीतले. नोकरी विजेच्या सबस्टेशनात. पस्तीस वर्षं बटणांसमोर बसले आणि वरून हुकूम आल्याशिवाय एकही दाबलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान. निवृत्त झाले आणि तो स्वभाव घरी घेऊन आले. गॅस बंद केला की तीनदा बघणार. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघणार. दूध उतू जाईल म्हणून ते तापायच्या आधीच खाली उतरवणार. काकू म्हणतात, "यांच्या हातचा चहा म्हंजे कोमट पानी."

मुलगी परदेशी गेली ती जाताना टॅब ठेवून गेली, आणि त्यात हा खेळ. राक्षस, किल्ले, जादूगार, आग ओकणारे ड्रॅगन. बारा जणांची फौज घेऊन चौकटीचौकटींच्या मैदानावर लढायचं. आधी आपण आपली माणसं हलवायची, मग 'टर्न संपली' हे बटण दाबायचं, की मग राक्षस हलणार. तोवर तो जागचा हलत नाही. काका यावरच भाळले. "असा शत्रू नाय बगितला मी कुठे. आपन जेवून यावं, झोपून यावं, तो हाय तिथेच उभा." एका ड्रॅगनला त्यांनी नऊ दिवस आ वासून उभा ठेवला होता.

खेळाचा एकच नियम वाईट होता. मेलेला माणूस परत येत नाही. आणि काकांनी शिपायांना नावं दिली होती ती सगळी आमच्या बिल्डिंगमधली. मी धनुर्धर. तळमजल्यावरचे डिमेलो अंकल भालेवाले. सोसायटीचे सेक्रेटरी परब, त्यांना घोडा.

परब चौथ्या लढाईत गेले. काका रीतसर त्यांच्या घरी जाऊन आले. "चुकी माझी. तुमाला पुढे धाडायला नको होतं." परबांनी हसून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी परबांना ताप आला. साधाच होता, पण तो उतरायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली : 'कोणत्याही सभासदाचे नाव त्याच्या लेखी परवानगीशिवाय खेळात वापरू नये.' त्याखाली डिमेलो अंकलनी लिहिलं, 'मला मागच्या रांगेत ठेवल्यास हरकत नाही.' सगळे हसले. पण संध्याकाळी काका खाली दिसले की एकेक जण सहज विचारल्यासारखं करून विचारायचाच, "काय काका, आमचं कसं चाललंय?"

मीही विचारायचे. खोटं कशाला बोलू?

त्याच दिवसांत काकूंचा दम वाढला. मी एकदा लोणचं द्यायला गेले, तर काकू पालक निवडत होत्या. दोन पानं निवडायच्या आणि थांबायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाची झडप अरुंद झालीय, ऑपरेशन करून बदलायला हवी, उशीर करू नका. काकू तयार होत्या, पण काकांचं मन झाल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. आणि काका म्हणत होते, "बघू."

तीन आठवडे बघू. मुलगी फोनवर रडली, तिलाही बघू.

मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. टॅबवर लढाई चालू होती. फौजेतले सहा गेले होते, उरलेले रक्तबंबाळ.

"काका, जखमी बरं करणारं कोणी नाही का या खेळात?"

"हाय की." त्यांनी गावाचं चित्र उघडलं. तिथे पांढऱ्या कपड्यातली एक बाई काठी घेऊन एकटीच उभी होती. खाली नाव होतं, अनुसया.

"ही कोण?"

काकांनी हनुवटीने स्वैपाकघराकडे दाखवलं.

"मग हिला लढाईत का नाही नेत? ही नाही म्हणून तर सगळे मरतायत."

"तिला नेली तर ती जखमीकडे धावनार. राक्षसाच्या तोंडाशी जानार. सभावच तो तिचा." ते खालच्या आवाजात म्हणाले, "गावात ऱ्हायली तर तिला काय होत नाय."

माझी जीभ जरा तिखटच. मी म्हटलं, "काका, स्वैपाकघरात बसूनही होतंय त्यांना."

काकांनी टॅब पालथा घातला. मी घरी आले, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी दुपारी शाळेतून आले, तर त्यांचं दार सताड उघडं. कुलपाला लोंबकळून बघणाऱ्या माणसाचं दार उघडं म्हटल्यावर मी चपला न काढताच आत धावले. आत काकू ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. ओठ निळसर. काका पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभे होते, नुसते उभे.

"काका, कोणाला फोन केलात?"

"करू का?"

मी त्यांच्यावर ओरडले. आजही त्याचं वाईट वाटतं, पण ओरडले. परबांनी गाडी काढली आणि आम्ही काकूंना वसईतल्या एका हॉस्पिटलात नेलं. सगळ्या वाटेत मी काकूंचा हात धरून होते, आणि दोघींतला जास्त गार हात माझा होता.

डॉक्टर म्हणाले, आज औषधांवर ठेवतो, उद्या सकाळी ऑपरेशन. संमतीचा कागद पुढे आला. काकांनी तो बोट ठेवून वाचला, मग परत पहिल्यापासून.

"इथे लिवलंय, जीवाला धोका."

"सगळ्यांच्याच कागदावर लिहितात काका."

"आनि नाय केलं तर?"

"मग मी तुम्हाला आठवड्याचीही खात्री देणार नाही," डॉक्टर म्हणाले.

काकांनी पेन माझ्याकडे धरलं. "तू मास्तरीन. तू गनित करून सांग."

"मला हे येत नाही, काका."

खाटेवरून काकूंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अहो, मला भीती वाटते. पन तुमच्या 'बघू'ची जास्त वाटते. करा सही."

काकांनी सही केली. 'चौधरी'मधला 'री' ओळ सोडून खाली गेला.

दुसऱ्या दिवशी साडेचार तास ऑपरेशन चाललं. काका पाणीसुद्धा प्यायले नाहीत. दरवाजा हलला की आम्ही दोघं उभं राहायचो आणि कोणी नसलं की बसायचो. शेवटी डॉक्टर आले आणि म्हणाले, झालं नीट, आता दोन दिवस लक्ष ठेवायचं. काकांनी एवढंच विचारलं, "जाऊ का आत?" आणि उत्तराची वाट न बघता गेले.

अतिदक्षता विभागात एकाच माणसाला, पाच मिनिटं. मी काचेबाहेर उभी होते, दार अर्धवट उघडं होतं. काकू नळ्यांमध्ये गुंतून झोपल्या होत्या. पांघरुणातून त्यांचं एक पाऊल बाहेर आलं होतं, ते काकांनी नीट झाकलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मी लय घाबरलेलो गे."

सिस्टर आली. "काका, वेळ संपली. बाहेर बसा."

काका उठले नाहीत.

"तुमी जा," ते म्हणाले. "मी हाय."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी काचेबाहेरून हात जोडले. तिने पडदा अर्धा ओढून घेतला आणि पलीकडच्या पेशंटकडे गेली.