कुठून आलं ते सांग

रंगाआप्पा गाणं ऐकायचे ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून. नाशकाजवळ मखमलाबादला त्यांच्या गुलाबाच्या मळ्यात फुलं निवडायची पत्र्याची शेड होती. तिथे दोन टोकांना दोन स्पीकर आणि मधोमध एक लोखंडी खुर्ची. खुर्चीत आपण. आप्पा समोर पालथ्या क्रेटवर, हात गुडघ्यांवर, नजर आपल्या चेहऱ्यावर, डॉक्टर जीभ बघतो तशी. गाणं संपलं की पहिला प्रश्न, "कुठून आलं?"

"काय कुठून आलं?"

"वाजलं ते रे! डावीकडून का उजवीकडून? आलं कुठून, गेलं कुठं?"

नवख्या माणसाला वाटे, आप्पांचं डोकं सरकलंय. घरच्यांना तर त्याबद्दल शंकाच नव्हती. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. पुढे मला कारण कळलं, आणि कळल्यानंतर मी त्यांना फसवलं. हे लिहायला घेतलंय ते त्यासाठी. आजवर कुणाला बोललो नाही. आता न बोलण्याचाही कंटाळा आलाय.

आप्पांना हा नाद लागला तो आईच्या भजनांपायी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नाशकातल्या रविवार कारंजावरून आईसाठी भजनांची कॅसेट आणली. डबीवर टाळ-मृदंगाचं चित्र, आत निघाला विलायती रॉक बँड. आईने अर्धं गाणं ऐकलं नि म्हणाली, "रंगा, हे महाराज एवढे कावलेत कुणावर?" दुकानदार कॅसेट बदलून देईना. आणलीच आहे तर म्हणून आप्पा सकाळी फुलं तोडताना ती लावू लागले. महिन्याभरात अशी गत झाली, की त्या बँडशिवाय त्यांच्याने गुलाब तोडवेना.

बँडचं नाव मी लिहीत नाही. आप्पा ते ज्या पद्धतीने उच्चारत तसं लिहिलं तर कुणी ओळखणार नाही, आणि बरोबर लिहिलं तर तो आप्पांचा बँड राहणार नाही. ते त्यांना 'आपली पोरं' म्हणायचे. पोरं चाळिशीला टेकलेली होती. "आपल्या पोरांनी यंदा काय काढलंय का?" असं ते कांद्याचा भाव विचारावा तसं विचारत. गावात त्यांना नाव पडलं बँडवाले आप्पा, आणि दर लग्नसराईत एखादा मुलीचा बाप तारीख घेऊन दारात उभा राही. आप्पा शांतपणे सांगत, "आपली पोरं वरातीत नाय येत. त्यांना सवड नसते."

आम्ही ऐकणारे तिघं. मनमाडचा डिसोझा, रेल्वेत फिटर. मुंबईहून नवा अल्बम पैदा करायचं काम त्याचं. येवल्याचा दिगंबर, पैठणी विणणारा. आणि मी, नाशकात सरकारी कचेरीत कारकून. आप्पा एकदा सातबाऱ्याच्या कामाला आले, माझ्या उघड्या ड्रॉवरमध्ये त्यांना 'पोरांची' कॅसेट दिसली, आणि सातबारा राहिला बाजूला. मला ते भाऊसाहेब म्हणत.

नवा अल्बम आला की आप्पा घरच्या डेकवर त्याच्या कॅसेटी भरत, एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन पाठवत, आणि आठ दिवसांत प्रत्येकाने पत्राने आपलं मत कळवायचं असा कायदा होता. दिगंबर लिही, "काठ जमलाय, पण पदर भरलाच नाही." डिसोझा इंग्रजीत नुसत्या शिव्या लिहायचा, त्या कौतुकाच्या असत. मी एकदा 'छान आहे' एवढंच लिहिलं, तर आप्पा लुनावरून थेट कचेरीत.

"भाऊसाहेब, हे काय?"

"आवडलं, म्हणून लिहिलं."

"छान म्हंजे ऐकलं नाय. माझी आई तोंडाला चव नसली की जेवणाला छान म्हणते."

साहेबांच्या देखत त्यांनी, दुसऱ्या गाण्यात ड्रम कितीदा थांबतो आणि कुठल्या अंगाला थांबतो, ते माझ्याकडून वदवून घेतलं. साहेबांना वाटलं, बांधाची मोजणी चाललीय. त्यांनी आम्हाला चहा सांगितला.

मग एका दुपारी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मी सहज म्हणालो, "आप्पा, तुम्हीच बसा ना एकदा या खुर्चीत. मी कशाला हवा मध्ये?"

त्यांनी देठाचे काटे काढता काढता उजव्या कानाकडे बोट केलं. "हा गेलाय. लहानपणी फुटला, आईनं लसणाचं तेल कढवून ओतलं, तवापासून बंद. तिला सांगितलं नाय अजून. तिला वाटतं, तेलानं बरा झाला."

काटे काढतच ते पुढे म्हणाले, "गाणं मला ऐकू येतं रे सगळं. पण एका जागी उभं राहतं, खांबावानी. डिसोझा म्हणतो ते फिरतं, या कानातून त्या कानात जातं. तुमच्या तोंडाकडं बघतो, तर खरंच कायतरी जातं. ते कसं जातं, तेवढं सांगत जा मला."

त्यानंतर मी मन लावून सांगत गेलो. बरीच वर्षं.

मग थकलो. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. सिडकोतला फ्लॅट, अंथरुणाला खिळलेले वडील, मुलीची दहावी, कचेरीत दोन टेबलांचं काम एका टेबलावर. संध्याकाळी घरी आलो की पंख्याचासुद्धा आवाज नको व्हायचा. अशात सहा वर्षांच्या खंडानंतर 'पोरांचा' नवा अल्बम आला. सीडीचे दिवस सुरू झाले होते, पण माझ्या घरी जुना टेपच होता, म्हणून आप्पांनी डिसोझाच्या सीडीवरून मुद्दाम कॅसेट भरून पाठवली. सोबत चिठ्ठी : "चौथ्या गाण्यात लय फिरतं म्हणे. नीट बघून सांग."

कॅसेट टीव्हीवर पडून राहिली. आठ दिवस गेले, वीस गेले. कचेरीत फोन आला. "भाऊसाहेब, ऐकलं का?"

"ऐकलं आप्पा. लिहितोय."

त्याच संध्याकाळी मी कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत शिरलो. जगभरचे चाहते त्या अल्बमवर तावातावाने लिहीत होते. कुणी रडला होता, कुणी बँडचं श्राद्ध घालत होता, कुणी त्या श्राद्ध घालणाऱ्याची अक्कल काढत होता. आप्पा तिथे सुखी झाले असते. मी कुण्या परदेशी पोराचा मजकूर निवडून मराठीत उतरवला : "चौथ्या गाण्यात गिटार डावीकडून निघते, कपाळावरून सरकत जाते आणि उजव्या कानात उतरून तिथेच बसते, खिडकीत मांजर बसावं तशी." मांजर तेवढं माझं होतं. बाकी सगळं उचललेलं. तीन पानं भरली.

आप्पांचं उत्तर आलं, "भाऊसाहेब, असं आजवर कुणी लिहिलं नाय." ते पत्र मला दुसऱ्यांदा वाचवलं नाही. त्यानंतर मी मखमलाबादला जायचंच टाळलं.

चार-पाच वर्षांनी घराला रंग द्यायला काढला तेव्हा ती कॅसेट सापडली. वडील गेले होते, मुलगी शिकायला बाहेर. घरात मला हवी होती ती शांतता आता भरपूर होती. मुलीचा हेडफोन टेपला लावून बसलो. चौथं गाणं लागलं. डाव्या कानात गिटार. उजव्या कानात काहीच नाही.

हेडफोन बिघडला असेल म्हणून दुसरी कॅसेट घातली. दोन्ही कान ठणठणीत. पुन्हा आप्पांची घातली. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत उजवी बाजू मुकी. कॅसेट भरताना आप्पांच्या डेकची एक बाजू मेलेली होती, आणि एका कानाच्या माणसाला ते कळायला मार्ग नव्हता. ते सांगायचं काम माझं होतं. मी तिथे मांजर बसवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मळ्यात गेलो. भोवती बंगले उठले होते, गुलाब निम्म्यावर आला होता. आप्पांची आई गेल्याचं मला तिथेच कळलं. आप्पा शेडमध्ये एकटे जुड्या बांधत होते.

"आप्पा, ती कॅसेट मी ऐकलीच नव्हती. जे लिहिलं ते दुसऱ्याचं होतं."

"म्हाइती हाय."

"कधीपासून?"

"तुझं पत्र येण्याआधीपासून. तुला फोन केला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिगंबरचा आला. त्यानं बी तेवढाच उशीर लावला. म्हणला, आप्पा, उजवीकडं सगळं गप हाय. मंग मी डेक दुरुस्तीला टाकला. तुला कळवणार, तेवढ्यात तुझी तीन पानं."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी जुडीला दोरा गुंडाळला, दाताने तोडला. "त्याच फोनवर दिगंबर म्हणला, आता पुरे आप्पा, मागावरून उठलं की काय बी नको वाटतं. डिसोझा रिटायर होऊन गेला गोव्याला. दोघं खरं बोलले अन् गेले. तू खोटं का होईना, पण बसून लिहिलंस." जुडी बाजूला ठेवून म्हणाले, "ते मांजर कुणाचं उचललंस?"

"मांजर माझंच होतं."

"वाटलंच मला. लय येळा वाचलं ते."

ते उठले, क्रेटमागून डिसोझाची सीडी काढली, फडक्याने पुसली. मी न सांगता लोखंडी खुर्चीत बसलो. खुर्चीवर धूळ होती, बऱ्याच दिवसांची. आप्पा समोर क्रेटवर बसले, हात गुडघ्यांवर. चौथं गाणं सुरू झालं, आणि मी पहिल्यांदा ते दोन्ही कानांनी ऐकलं.

"कुठून आलं?"

"डावीकडून. पण आप्पा, कपाळावरून नाही जात. ज्याचं मी उचललं, त्या पोराचं चुकलं होतं. मागून जातं. मानेवरून."

"मागून?"

आप्पांनी आपला हात मानेवर ठेवला. बोटं हळूहळू सरकवत उजव्या कानापाशी नेली, आणि तिथेच धरून ठेवली.