मन्मथअप्पांची उकळी

मन्मथअप्पांच्या घरात दूध चुलीवरून कधी उतरवायचं, हे अप्पा ठरवत नसत. दूध वर यायला लागलं की ते चुलीपुढं उकिडवे बसूनच हाक मारत, "नीलव्वा, ये गं, आली का बघ!" मग त्यांची बायको नीलव्वा गुडघ्यांवर हात टेकत माजघरातून येई, पातेल्यावर वाकून बघे आणि म्हणे, "आली." त्यानंतरच पातेलं खाली यायचं. तिला यायला उशीर झाला तर दूध उतू जाऊन चूल विझायची, पण अप्पा हात लावत नसत. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. करपलेल्या दुधाच्या वासानंच मला सकाळी जाग यायची.

हे निजामाच्या राज्यातलं. परभणीजवळ, पेडगावच्या बाजूला एका गावात मी सरकारी शाळेत मास्तर होतो. शिकवणं सगळं उर्दूतून. पोरांना उर्दू कळत नसे आणि मला हिशेब, त्यामुळं आमचं बरं चाललं होतं. अप्पांचं गूळ-तेलाचं दुकान होतं. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की गिऱ्हाईक पारावर असतानाच त्याला भाव कळावा.

दुनियेत अप्पांचं वैर एकाच गोष्टीशी, निरशा दुधाशी. तालमीतली पोरं गाईखालचं धारोष्ण दूध प्यायला बसली की अप्पा दुकान उघडं टाकून तिथं हजर. "गाईच्या पोटात काय हाय ते तुला दिसायलंय का रं? तापवून पी!" एक पैलवान म्हणाला, तापवलं की दुधातली ताकद जाते. "मंग ताकद आन् ताप दोनी घेऊन बस," अप्पा म्हणाले. लग्नाच्या पंगतीत ते ताक वाढणाऱ्याचा हात धरून विचारत, विरजण लावलं ते दूध तापवलेलं होतं का? त्यांचा पुरता भरवसा एकट्या बासुंदीवर. तो भरवसा ते वाटीवर वाटी घेऊन दाखवत.

एकदा दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारांपुढं गावच्या देशमुखांनी ताज्या धारेचा फेसाळ पेला ठेवला. अप्पांनी तो भर बैठकीत उचलला आणि तापवायला आत नेला. देशमुख दातओठ खात म्हणाले, "अप्पा, म्होरं कोन बसलंय ते तरी बघा!"

"कुनी बी बसू द्या. उकळी कुनाच्या बापाला भीत न्हाई."

हे त्यांचं पालुपद. गाव हसायचं, मीही हसायचो. म्हातारा चक्रम आहे यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं.

मग एका साली देशमुखांच्या गोठ्यात गाई गाभडायला लागल्या. दिवस भरायच्या आतच मेलेली वासरं पडायची. एकीचं झालं की दुसरीचं. गावाला कारण शोधायला फार वेळ लागला नाही. नीलव्वाला तरुणपणी दिवस राहिले होते, पण टिकले नाहीत, आणि पुढं मूल झालंच नाही. देशमुखांच्या गाई चरायला जायच्या त्या तिच्या दारावरून. तिची सावली पडते, म्हणून गाई गाभडतात, असं पाणवठ्यावर ठरलं आणि देशमुखांच्या मातोश्रींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. यंदा शिवरात्रीला नीलव्वानं महादेवाची पायरी चढायची नाही. ज्या बाईनं आयुष्यात कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही, तिच्यावर हा आळ! मला भयंकर चीड आली. पण मास्तराच्या चिडीला कोण विचारतो?

अप्पा देशमुखांच्या वाड्यापुढं उभे राहून ओरडले, "सावलीनं गाभ पडतो व्हय? मंग माजी बी सावली पडती की! मला बी बंदी घाला!" त्यांना कुणी बंदी घातली नाही. उधारीवर गूळ तेच देत.

शेवटी देशमुखांनी परभणीहून गुरांचे डॉक्टर आणवले. सलोत्रीसाहेब म्हणायचे त्यांना. त्यांनी गोठा पाहिला, पडलेलं वासरू पाहिलं, देशमुखांच्या धाकट्या भावाला महिनोन्महिने येऊन-जाऊन ताप असतो तेही ऐकून घेतलं. मग सांगितलं की हा गुरांचा रोग आहे, तो दुधातून माणसालाही होतो. मेलेली वासरं खोल पुरा, त्यांना उघडा हात लावू नका, आणि दूध खळखळून उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका. देशमुखांनी हळूच सावलीचं विचारलं. साहेब वैतागले. "बीमारी दूध में है जी, साये में नक्को ढूंडो."

अप्पा गर्दीत होते. ते पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, एकदा पुना बोला." साहेब पुन्हा बोलले. "जरा मोट्यानं," अप्पा म्हणाले.

देशमुख घाबरले होते, पण माणूस व्यवहारी. त्यांनी दोन्हीकडून बंदोबस्त केला. शिवरात्रीच्या अभिषेकाला त्यांच्या गोठ्यातल्या निरशा दुधाचा मान होता. यंदा ते दूध देवापुढंच तापवायचं, कारण तीर्थ सगळं गाव पितं. गुरव कुरकुरला, तरी देशमुखांपुढं त्याचं काय चालणार! तापवायचं कुणी? तर अप्पांनी, उकळीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं? आणि नीलव्वा मात्र बाहेरच. सलोत्र्याचं सलोत्र्यापाशी, सावलीचं सावलीपाशी.

अप्पा नुसतं "बरं" म्हणाले. "बरं" म्हणून बोलणं संपवलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला धास्ती वाटायला लागली.

शिवरात्रीला देवळाचं आवार माणसांनी फुललं होतं. मधोमध तीन दगडांची चूल, वर मानाच्या दुधाचं पातेलं, पुढं अप्पा. दूध वर यायला लागलं. अप्पांनी एकुलती एक सांडशी कमरेला खोचली, हाताची घडी घातली आणि दरवाजाकडं तोंड करून हाक मारली, "नीलव्वा, ये गं, आली का बघ!"

सगळ्या माना दरवाजाकडं वळल्या. नीलव्वा बाहेर लिंबाखाली उभी होती.

"अप्पा, उतरवा!" देशमुख ओरडले. देवापुढं मानाचं दूध उतू गेलं तर देवानं मान नाकारला, अशी गावाची समजूत होती. "उतू जायलंय!"

"जाऊ द्या की. तिनं बगितल्याबिगर मी उतरवीत न्हाई. जलमभर न्हाई उतरवलं."

गुरव लाकडं ओढायला वाकला, तर अप्पांनी वर आणखी एक सारलं. साय फुगून पातेल्याच्या काठाला आली. देशमुखांच्या मातोश्रींनी कपाळावर हात मारला आणि सगळ्यांत आधी त्याच किंचाळल्या, "अगं बोलवा गं तिला! नीलव्वा, ये की बाई आत!"

गर्दी दुभंगली. नीलव्वा आली, पण तिच्या गुडघ्यांना कसली घाई! एकेक पायरी चढत, दम घेत, सगळ्या गावाच्या देखत ती चुलीपाशी पोचली, वाकली आणि म्हणाली, "आली."

अप्पांनी पातेलं उतरवलं. मग गावाकडं वळून म्हणाले, "बगा! सावली पडली दुधावर. काय झालं?" दूध निवलं, अभिषेक झाला, आणि गुरवानं गडबडीत तीर्थाची पहिली पळी तिच्याच हातावर घातली. मला त्या म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी नीलव्वा ओट्यावर वाती वळत बसली होती. मी विचारलं, हे दर वेळी तुम्हाला बोलवायचं काय खूळ आहे हो अप्पांचं?

"खूळ न्हाई, मास्तर. नवं लगीन झालं तवा हेच मला रोज गाईखालचं दूध आनून पाजायचे. फेसाळ, कोमट. उभं ऱ्हाऊन पाजायचे, लय माया. दिवस गेले, पडले. पुना गेले, पुना पडले. अंगात ताप मुरला, हाडं धरली. मंग हैद्राबादेला नेलं, तितल्या डाक्टरनी इचारलं, कच्चं दूध कोन पाजत व्हतं?" वात वळता वळता तिचा हात थांबला. "ह्यांनी मान खाली घातली. मी कदी एक शबुद बोलले न्हाई. पन तवापास्नं मला द्यायच्या दुधावर सोताच्या डोळ्यांचा भरवसा न्हाई त्यांचा. मी म्हनलं तरच आली."

आतून हाक आली, "नीलव्वा, ये गं, आली का बघ!"

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. वातींचं ताट उचलायला गेली, तर हात ताटाच्या शेजारी जमिनीवर पडला. मी ताट तिच्या हातात दिलं.

"मला कुटं दिसायलंय आताशा, मास्तर," ती आवाज खाली आणून म्हणाली. "देवळात बी नुसता धूर दिसला. त्यांना सांगू नका. मंग ते घरात दूधच आनायचे न्हाईत."

आणि भिंतीला धरत ती आत गेली. पुढच्याच क्षणी तिचा आवाज आला, "आली."