स्पाइकचा दिवा कोण बंद करतं?

सकाळी सात चाळीसला विवेकच्या मोबाइलवर सूचना आली, 'प्लग ऑफलाइन'. सव्वाआठला दुसरी आली, 'प्लग ऑनलाइन'. सलग चौथा दिवस. ऑफिसच्या खुर्चीत विवेकने डोळे बारीक केले. बहारीनमधल्या जुफैरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी एकच माणूस असायचं, आणि त्या माणसाशी त्याचं लग्न झालेलं होतं.

प्लग स्पाइकच्या दिव्यांचा होता. स्पाइक म्हणजे त्यांच्या मुलाचा, निहारचा बिअर्डेड ड्रॅगन, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला हातभर लांब सरडा. दुपारी बाहेर बेचाळीस अंश आणि घरात एसीमुळे बावीस, त्यामुळे बहारीनमध्ये राहून या प्राण्याला शेकायला दिवा लावावा लागत होता. शिवाय अल्ट्राव्हायोलेट किरणांची एक नळी. ते किरण मिळाले नाहीत तर सरड्याची हाडं मऊ पडतात आणि तो मरतो, हे निहारने वाचून दाखवल्यापासून घरात ते दिवे देवापुढच्या समईहून जास्त जपले जात. विवेक इलेक्ट्रिकल इंजिनिअर. टायमर, थर्मामीटर, ॲप हा सगळा जामानिमा त्याचा, आणि आल्यागेल्याला तो चहाच्या आधी दाखवला जाई.

सुरेखाने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाल आपण झाडूने हाकलतो. तिला हीटर लावत नाही."

"ही इज नॉट अ पाल, आई," निहार म्हणाला होता.

त्या रात्री जेवताना विवेकने सहज विचारल्यासारखं केलं, "सकाळी लाइट जाते का गं?"

"जुफैरमध्ये?" सुरेखाने आमटी वाढली, पण वर पाहिलं नाही. हे विवेकने टिपून ठेवलं. नंतर त्याला बाल्कनीत स्पाइकच्या पेटीतली वाळू सापडली. निहारचा चेहरा पडला. "बाबा, आई हेट्स हिम," तो कुजबुजला.

विवेकने पुस्तकांच्या आड जुना मोबाइल लावला, कॅमेरा पेटीकडे करून.

गुरुवारी सात चाळीसला त्याने मीटिंगमध्येच टेबलाखाली पाहिलं. सुरेखा आली. इकडेतिकडे बघितलं. बटण बंद केलं. स्पाइकला पंच्यात गुंडाळलं आणि ती बाल्कनीकडे निघाली. बाल्कनी सातव्या मजल्यावर होती!

विवेक उठून पळालाच, गाडी पिटाळत घरी पोचला. इमारतीची लिफ्ट वर अडकलेली, म्हणून सात मजले जिन्याने चढला. दर आठवड्याला व्हिटॅमिन डीची गोळी खाऊनही कुरकुरणारे गुडघे आज बोंबललेच.

बाल्कनीत सुरेखा स्टुलावर बसली होती. मांडीवर पंचा, पंच्यावर स्पाइक, आणि त्याच्या डोक्यावर तिच्या तळहाताची सावली. "झालं झालं, पाठ शेकली, आता कूस," ती म्हणत होती.

"दिवा का बंद केलास?" विवेक धापा टाकत ओरडला.

सुरेखा दचकली. "जागेवर कोणी नसताना दिवा कशाला जाळायचा? या आठवड्यातच सुचलं मला."

"आणि हा इथे?"

"निहारला नव्हतं का सहा महिने कोवळं ऊन दाखवलं? हे बिचारं दिवसभर नळीखाली. वर्ष झालं, रोज सकाळी आणते." मग ती लाजली. "निहारला सांगू नकोस. मी पाल म्हणते ना याला."

"अगं, त्या नळीमागे सायन्स आहे!" संशय फिटला होता, पण इंजिनिअर दुखावला होता. संध्याकाळी तो सगळ्यांना घेऊन हमद टाउनला प्राण्यांच्या डॉक्टर तय्यबांकडे गेला. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, मराठीत खडसावणाऱ्या. विवेकने प्लग बंद असल्याच्या सगळ्या नोंदी पुढे केल्या. डॉक्टरांनी त्या बाजूला सारल्या, स्पाइकचे पाय दाबून पाहिले, एक्स-रे काढला आणि नळीचा फोटो मागितला.

"ही कधी बसवलीत?"

"दीड वर्षापूर्वी. एकदाही बंद पडली नाही," विवेक अभिमानाने म्हणाला.

"उजेड पडतो हो. किरण केव्हाच खलास. अशी नळी वर्षाच्या आत बदलतात." त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "हिच्या भरवशावर हा जगलाच नसता. पण हाडं तर दगडासारखी आहेत. खरं सांगा, याला ऊन कोण दाखवतं?"

सुरेखा छताकडे बघू लागली. निहारने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. तशा मिठीतूनच त्याने संशयाने विचारलं, "बाबा, दीड वर्षं?"

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, सात चाळीसला विवेकचा मोबाइल वाजला. 'प्लग ऑफलाइन'. डोळे चोळत तो बाल्कनीत गेला. स्पाइक पंच्यावर पसरला होता. शेजारी आज दुसरं स्टूल होतं.

"बस," सुरेखा म्हणाली. "गोळ्या खाऊन तुझं व्हिटॅमिन डी काही चढत नाही. शर्ट काढ."

विवेक उन्हाकडे पाठ करून बसला. दोन मिनिटांत त्याने चुळबुळ केली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तो बघ कसा शहाण्यासारखा बसलाय."