चोवीस कोअरची शांतता

दाराच्या कडीला लाल टॉवेल लटकला की त्या घरात कुणी खोकायचं नाही, असा नियम होता. भांडं आपटायचं नाही, कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा तोही बारीक धारेने. कारण घरातले कर्ते पुरुष त्या वेळी बेडरूममधल्या कपाटात, बायकोच्या कपड्यांच्या रांगेत स्टूल टाकून, माइकसमोर पुस्तक वाचत असत. बोलती पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीसाठी ते हे काम करीत आणि अख्खी इमारत त्यांना ‘आवाजवाले’ म्हणत असे. कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात, म्हणून कपाट. बायकोला बाहेर जायचं असलं की नेसायचं-घालायचं सगळं आदल्या दिवशीच काढून ठेवावं लागे.

वाचायला त्यांना वेळ लागत नसे. वेळ लागे तो वाचलेलं साफ करायला. कुठे श्वास, कुठे खुर्चीची करकर, कुठे टॉवेलला न जुमानता आलेला आईंचा खोकला. हे सगळं काढायला कॉम्प्युटर जुना होता. एक प्रकरण साफ करायला लावून आवाजवाले आंघोळ करून, जेवून, डुलकी काढून येत, तरी काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ जिथल्या तिथे. अशातच कंपनीच्या संपादिकाबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "ही कादंबरी उशिरा आली तर पुढची सबंध मालिका मी दुसऱ्या गृहस्थांना देणार. त्यांचा आवाजही मधाळ आहे." त्या ‘मधाळ’ने आवाजवाल्यांची झोप उडाली.

नवा प्रोसेसर घ्यायचा एवढं ठरलं. कुठला, हे ठरेना. दुकानदार म्हणत होता डेस्कटॉपचा घ्या. मेव्हणा म्हणत होता सर्व्हरचा घ्या. मेव्हण्याच्या ऑफिसात सर्व्हर बदलले होते आणि काढलेला एक, बोर्डासकट, नव्या डेस्कटॉप प्रोसेसरपेक्षाही स्वस्तात मिळत होता. आवाजवाले रोज जेवताना दोघांची तुलना मांडत. कुणाला किती कोअर, म्हणजे आत राबणारे हात किती, कोण किती पळतं, कोण किती वीज खातं.

"माझं स्थळ आलं तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही," बायको एकदा म्हणाली.

"तेव्हा पर्याय नव्हते गं."

त्यानंतर दोन दिवस जेवणात मीठ कमी होतं.

दुकानदार हा थकलेला माणूस होता. दिवसभर त्याला लोक एकच प्रश्न विचारत आणि उत्तर न ऐकता निघून जात. तो म्हणाला, "साहेब, डेस्कटॉपवाल्यात कोअर आठ, पण आठही चपळ. सर्व्हरवाल्यात चोवीस, पण एकेकटा संथ. त्याला हजार लोकांची थोडी थोडी कामं करायची सवय. तुम्ही एकटे. तुम्हाला चपळ बरा."

"भावोजी, साधा हिशेब आहे," मेव्हणा मध्येच म्हणाला. "आठ मोठे की चोवीस? आणि हा माल दिवसरात्र चालायला बनवलेला असतो. तुमच्या नातवंडांना पुरेल. याला म्हणतात व्हॅल्यू!"

आवाजवाल्यांना मूल नव्हतं. पण ‘व्हॅल्यू’ हा शब्द मेव्हण्याने असा छातीवर हात ठेवून उच्चारला की त्यांनी मान डोलावली. दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

सर्व्हर घरी आला आणि पहिल्याच दिवशी कळलं, की त्याचा बोर्ड जुन्या डब्यात मावत नाही. मोठा डबा आणला. मोठा डबा टेबलावर मावेना. टेबल बाहेर काढायला आईंची आरामखुर्ची हलवली, तर ती दारात अडकली. सगळं आत-बाहेर करून बटण दाबलं, तर पडद्यावर काहीच दिसेना.

"चित्र दाखवायचा भाग याच्यात नसतोच, भावोजी. सर्व्हरकडे कोण बघतंय! त्याला वेगळं कार्ड लागतं," मेव्हणा म्हणाला.

"हे आधी नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

कार्ड आलं. मग बटण दाबलं आणि पंखे सुरू झाले. सगळं घर एकदम गप्प झालं, कारण बोललेलं कुणालाच ऐकू येईना. पिठाची गिरणी शेजारी नसून पलंगाखाली असावी, असा तो आवाज होता.

"याचे पंखे बंद करता येतात का?" आवाजवाले ओरडले.

"येतात ना!" मेव्हणाही ओरडला. "मग प्रोसेसरही बंद पडतो. कायमचा!"

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग मुलाकडे. "इतकी वर्षं मी उशीत तोंड खुपसून खोकले," त्या म्हणाल्या, "आणि हे काय आणलंस रे?" मग त्या मनसोक्त खोकल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. बायकोने स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही कुकर लावले आणि ती चक्क गुणगुणू लागली.

आवाजवाल्यांनी एक प्रकरण साफ करायला लावलं. ते जुन्या कॉम्प्युटरपेक्षाही हळू होऊ लागलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून, स्पीकरवर दुकानदाराला फोन केला.

"तुमचं सॉफ्टवेअर एका प्रकरणाचं काम एकाच कोअरला सांगतं," दुकानदार मोठ्याने जांभई देत म्हणाला. "तो एकटा राबतोय. बाकीचे तेवीस बघत बसलेत."

"आपल्या घरासारखंच," बायको ओट्यापासून म्हणाली.

"मग माझ्या चोवीस कोअरचा उपयोग काय?"

"चोवीस प्रकरणं एकदम लावा. मग बघा कसा पळतो."

हे मात्र खरं निघालं. वाचून झालेली सगळी प्रकरणं एकदम लावली, तर चहा होईपर्यंत निम्मं काम उरकलं. आवाजवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण चोवीसच्या चोवीस कोअर जुंपले की पंखे आणखी चेकाळत आणि अजून शेवटची प्रकरणं वाचायची राहिली होती. यंत्र बाथरूममध्ये ठेवून पाहिलं, तर आंघोळीची पंचाईत. गॅलरीत ठेवलं, तर समोरच्या बिऱ्हाडाने दारं आपटून निषेध नोंदवला. बंद करून वाचावं, तर माइक त्यालाच जोडलेला आणि जुन्या कॉम्प्युटरचे भागही त्याच्यातच गेलेले.

शेवटी त्यांनी टॉवेल न लटकवताच, त्या घरघरीतच वाचायला सुरुवात केली. घरघर साफ करायला सर्व्हर आहेच, असा त्यांचा विचार होता. सर्व्हर घरघर करणार, ती पुस्तकात शिरणार, ती काढायला सर्व्हर लावायचा, तो लावला की पुन्हा घरघर. हे वर्तुळ ध्यानात आलं तेव्हा ते कपाटातच कपाळ धरून बसले आणि बायकोचा एक रेशमी दुपट्टा त्यांच्या डोक्यावर पडला. तो काढायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

सॉफ्टवेअरला नुसत्या घरघरीचा नमुना द्यावा लागतो. कुठला आवाज काढायचा हे त्याला कळावं म्हणून माइक चालू ठेवून माणसाने गप्प बसायचं. क्षणभराचा नमुना पुरतो. शेवटचं प्रकरण वाचून झाल्यावर आवाजवाले गप्प बसले आणि तसेच कपड्यांना टेकून झोपी गेले. जाग आली तेव्हा मुदत संपत आली होती. धडपडत त्यांनी घरघर काढली, प्रकरणं पाठवली आणि आडवे झाले.

संपादिकाबाईंचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी.

"शेवटच्या प्रकरणात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

आवाजवाल्यांनी पाठवलेलं उघडून पाहिलं. शेवटच्या प्रकरणाऐवजी तो नमुना गेला होता. त्यांच्या झोपेएवढा लांब, शब्द एकही नाही.

"बाई, चूक झाली. आत्ता खरं पाठवतो. एवढ्यावरून मालिका काढून घेऊ नका. मला दुसरं काही येत नाही हो."

"पूर्ण ऐका आधी. माझ्या नवऱ्याला कित्येक महिने झोप नाही. काल मी हे तपासायला लावलं आणि तो सोफ्यावर घोरायला लागला. ऑफिसात लावलं, तर हिशेबनीस टेबलावर डोकं ठेवून झोपले. काय आहे हे?"

"सर्व्हर आहे," आवाजवाले म्हणाले.

"मला असं रात्रभर पुरेल इतकं पाहिजे. झोप न येणाऱ्यांसाठी आम्ही वेगळा विभाग काढतोय. दर महिन्याला नवं."

"आणि कादंबरी?"

"चांगली झालीये. लोक ऐकतील." बाई जरा थांबल्या. "पण हे शेवटपर्यंत ऐकतील."

"आणि ती मालिका?"

"ती त्या मधाळ गृहस्थांना दिली. तुम्हाला आता वेळ कुठे मिळणार?"

आवाजवाल्यांनी फोन ठेवला. काम हातचं गेलं नव्हतं, घर चालणार होतं, वाईट वाटायचं तसं कारण नव्हतं. तरी त्यांना फार वाईट वाटलं.

पण बाईंना हवी तशी भरदार घरघर सर्व्हर रिकामा असताना निघेना. त्याला पूर्ण जुंपायला हवं होतं. साफ करायला नवं काही उरलं नव्हतं, म्हणून आवाजवाल्यांनी आपली जन्मभराची सगळी पुस्तकं काढली आणि पुन्हा साफ करायला लावली. पंखे भरून आले. त्यांनी माइक कपाटात ठेवला, कपाट लावलं आणि पावलं न वाजवता बाहेर येऊन खोलीचं दार घट्ट ओढून घेतलं. बाहेर येताच, इतक्या दिवसांच्या जागरणाने म्हणा किंवा कशाने, त्यांचा घसा खवखवला आणि ते खोकले.

"श्श!" आई आरामखुर्चीतून दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी दाराच्या कडीकडे बोट दाखवलं. तिथे लाल टॉवेल लटकत होता. बायकोने केव्हाच लटकवला होता, आणि आता ती गॅस बंद करून, बोटांनी कपाचा आकार करून, चहा आत्ता नाही, नंतर, असं खुणेने सांगत होती.

आवाजवाल्यांनी मान डोलावली. मग आईंच्या पलंगावरची उशी उचलली आणि तिच्यात तोंड खुपसून उरलेलं खोकून घेतलं.