रहीमभाईंची नळी

"आज बी दोघंच आलोय," म्हणत आप्पांनी दार धरून ठेवलं. त्यांच्या मागून कुणीच आलं नाही. तरी एका माणसाला आत यायला लागेल तेवढा वेळ ते थांबले आणि मगच दार सोडलं.

दौंडच्या या लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. आप्पा दर तीन महिन्यांनी येतात. त्यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय; तो परत उलटतोय का, हे सीईए नावाच्या रक्ततपासणीवरून पाहत राहायचं असतं. बाकाच्या कडेला टेकतात आणि शेजारी कुणी बसायला लागलं, की हात आडवा धरतात. "माणूस हाय तिथं." एकदा एक फौजदारसुद्धा मुकाट्याने उभे राहिले होते.

आप्पा पाटसच्या साखर कारखान्यात उसाचा रस तपासायचे. पालुपद तिथलंच, "एका बाटलीवर भरवसा न्हाई." म्हणून आमच्या सुनीताताई एकाच सुईतून त्यांच्या दोन नळ्या भरतात. एकीवर आप्पांचं नाव, दुसरीवर शिरूरच्या रहीमभाईंचं. रिपोर्ट घेताना ते विचारणार, "रहीम कसा हाय?" मी नुसता कागद सरकवायची. रहीमभाई कायम ठणठणीत.

कोण हे रहीमभाई, ते सुनीताताईंकडून कळलं. पुण्याच्या हॉस्पिटलात आप्पांच्या शेजारच्या खाटेवर होते, ऑपरेशन एकाच दिवशी. नंतर सुईला भिऊन त्यांनी तपासण्याच टाळल्या. आप्पांनी फोनवर चेष्टा केली, पण न्यायला गेले नाहीत. दुखणं उलटल्याचं कळलं, तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून तो रिपोर्ट छापताना अंगावर काटा यायचा. गेलेल्या माणसाचं रक्त, आणि नॉर्मल.

आज प्रिंटरमधून आधी रहीमभाईंचा कागद आला. आकडा वाढलेला. रक्त एकाच हाताचं, तरी मी आप्पांचाही पाहिला. तोही वाढलेला.

आप्पांनी रहीमभाईंचा तेवढा उचलला. स्वतःचा काउंटरवरच राहू दिला. बाकाकडे वळून हळू म्हणाले, "घाबरू नगं. डाक्टर परत तपासत्यात, स्कॅन करत्यात. ह्या खेपेला मी नेतो तुला."

कागदाची घडी त्यांनी घातली, मग पुन्हा उलगडली.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चार माणसांत मराठी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते. आज जुळवलं नाही. आप्पांचा कागद घेऊन काउंटरमागून बाहेर आले आणि बाकावरच्या त्या रिकाम्या जागेपाशी थांबले.

"रहीमभाई, जरा सरकता का? आप्पांना मी नेते."