आपला बावीस नंबर

शेजारच्या बारशाला नानांनी पाळणा थांबवला होता. बाळाच्या बापाने बाळ हातात घेतलं होतं, बायका गाणं म्हणत होत्या, आणि नाना काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "कोपर मीट रे बावा. एक टोक काखेत, दुसरं पंजात. गर्दी हाये." बापाने घाबरून बाळ तसं धरलं. मग नाना समाधानाने खुर्चीत बसले आणि गाणं पुढे सुरू झालं.

नाना म्हणजे आमच्या सावद्यातले केळीच्या टोळीचे जुने मुकादम. खांद्यावर गादी ठेवून तिच्यावर कापलेला घड घ्यायचा आणि बागेतून बांधावरच्या ट्रकपर्यंत आणायचा, हे टोळीचं काम. घड कुठे घासला, आपटला, की केळी काळी पडतात आणि व्यापारी नाक मुरडतो. त्यामुळे टोळीत नानांचा एकच कायदा होता: "मानूस पडला तं पडू दे, माल पडाले नको."

गुडघा गेला आणि नाना घरी बसले. जावयाने त्यांना मोबाईल दिला. गावातल्या इतर म्हाताऱ्यांच्या मोबाईलवर कीर्तनं येतात. नानांच्या मोबाईलवर एक दिवस अमेरिकेतला फुटबॉल आला. त्या फुटबॉलला पाय फारसा लागतच नाही. लांबट चेंडूचं एक टोक काखेत, दुसरं पंजात दाबून एक गडी धावतो आणि समोरची धिप्पाड माणसं त्याला आडवा पाडायला टपलेली असतात. नानांनी ते तीनदा पाहिलं. मोबाईलला वाटलं, यांना हेच आवडतं. त्याने दुसरं काही दाखवणंच बंद केलं.

त्या गड्याच्या पाठीवर बावीस आकडा होता. नाना त्याला "आपला बावीस" म्हणत. त्याच्या खांद्यांवर गादी बांधलेली असते, यावरून तो टोळीतला माणूस आहे, हे नानांनी ठरवून टाकलं. त्याच्यापुढे धक्के देत वाट करणारे त्याच्याच संघातले पाच दांडगे म्हणजे बागेत पानं बाजूला सारत चालणारे. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "तोंडबी दिसत नाई मानसाचं त्या टोपात, अन् म्हने आपला." नाना त्यांच्याकडे लक्ष देत नसत.

मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून दर सोमवारी शाळेआधी मला बोलावणं यायचं. मी बातम्या वाचून मराठीत सांगायचो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. नानांना सगळं कळायचं. एकदा बावीस नंबर चौघांच्या खाली गाडला गेला. नाना म्हणाले, त्याच्याकडे नको पाहू, चेंडूकडे पाहा. चेंडू छातीशी तसाच होता.

नानांना नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. माझे वडील त्यांच्याच टोळीत होते. दहावी झाल्यावर त्यांनी मला कामाला लावायला नानांपुढे उभं केलं. नानांनी माझा खांदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "ह्या खांद्याचा उपेग नाई. ह्याले कालेजात घाल." वडिलांना तो अपमान वाटला, मलाही वाटला. पण मी जळगावला गेलो, तिथल्या मेहरूण भागात खोली घेऊन शिकलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. माझ्या खांद्यात काहीही दोष नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात बावीस नंबरचा गुडघा फिरला. नानांनी ते मोबाईलवर पाहिलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानंतर दर सोमवारी एकच चौकशी असायची. ऑपरेशन झालं, मी सांगितलं. कुबड्या घेऊन चालतोय, सांगितलं. मग बातमी आली की संघाने त्याला काढून टाकलं. वय अठ्ठावीस. ती मी दोन सोमवार दाबून ठेवली. नवीन काही नाही, म्हणालो. नाना दोन्ही वेळा "बरं" म्हणाले, आणि ते "बरं" मला वर्गात शिकवताना दिवसभर ऐकू येत राहिलं.

तिसऱ्या सोमवारी सांगून टाकलं.

 नानांनी विचारलं, बसून करायचं काम तरी देतील ना? त्यांच्या टोळीत ही रीत होती. ज्याचा गुडघा जाईल त्याने ट्रकमध्ये बसून घडांच्या मध्ये पानं लावायची. नानांनी अशी कितीतरी माणसं सांभाळली. नानांचाच गुडघा गेला तेव्हा मात्र नवा मुकादम आला आणि त्याने ट्रकमध्ये आपली माणसं बसवली. मी म्हणालो, नाही नाना, तिकडे तसं काही नसतं. सरळ घरी पाठवतात.

"घरी कोनी गेलतं का त्याच्या?"

मी म्हणालो, गेले असतील की, एवढा मोठा खेळाडू.

"पहिले आठ दिवस नाई म्हनत मी. आठ दिवस सारे येतात. मंग. त्याच्यानंतर कोनी गेलतं का?"

मी मोबाईलवर बोट फिरवत राहिलो. नाना घरी बसले त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीला आलो, ती गुणपत्रिका घेऊनच. सगळ्या शिक्षकांच्या घरी जाऊन दाखवली, वाण्याच्या दुकानात दाखवली. नाना ओट्यावर पाय लांब करून बसलेले मला लांबूनच दिसले होते. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी मागच्या गल्लीने गेलो. नंतरच्या दिवाळीलाही मागच्याच गल्लीने गेलो.

नाना माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. खरंच त्या बावीस नंबरच्या पोराची काळजी वाटत असल्यासारखे.

"नाही गेलं कोणी, नाना," मी म्हणालो.

"मले वाटलंच," नाना म्हणाले. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, धोतराला पुसला आणि पालथा घालून ठेवला.