डाव्या गालावर तीळ

पासपोर्ट उघडला आणि वर्षाचा चहाचा कप हातातच राहिला. फोटोतली पोरगी तिचीच होती. आठ महिन्यांची तापी, तेच गुबगुबीत गाल, तोच जगावर रागावलेला चेहरा. फक्त डाव्या गालावर मसुराएवढा काळाभोर तीळ होता, आणि तापीच्या अंगावर तर कुठेही तीळ नव्हता.

"मम्मी, हे काय आहे?"

सासूबाईंनी, म्हणजे उषाबाईंनी, चष्मा लावून फोटो पाहिला आणि आता आपलं काही खरं नाही हे त्यांना कळून चुकलं. फोटो काढायला तापीला घेऊन त्याच गेल्या होत्या.

"तो फोटोवाला तिन्हाकडे टुकूटुकू देखी ऱ्हायंता," त्या हळूच म्हणाल्या. "मी जरासं काजळ लावं. नजर लागी जाती तर?"

सुरतेतल्या नवागामच्या त्या दोन खोल्यांत तिटेवरून आठ महिने महाभारत चालू होतं. डॉक्टरांनी काजळ नको म्हटल्यापासून वर्षा पोरीचा गाल पुसायची, आणि तिची पाठ वळली रे वळली की उषाबाईंचं बोट पुन्हा गालावर. शेवटी वर्षानं काजळाची डबीच फ्रिजवर लपवून ठेवली. आणि आता ही तीट सरकारी शिक्का घेऊन घरी आली होती.

वर्षानं एजंट संदीपला फोन लावला.

"भाभी, फॉर्ममध्ये ओळखीची खूण विचारतात," तो म्हणाला. "मी फोटो बघून लिहिलं, डाव्या गालावर तीळ. व्हिसावर पण तोच फोटो आहे ने."

"मग आता काय करू?"

"काय नाय. पोचेपर्यंत तीळ सांभाळा."

सांभाळण्यावाचून इलाज नव्हता. विमान चार दिवसांवर होतं. वर्षाचा नवरा योगेंद्र व्हिएन्नाला एका कारखान्यात यंत्रमागांची दुरुस्ती करायला गेला, तेव्हा तिला पाचवा महिना होता. लेकीला त्यानं अजून हातात घेतलेलं नव्हतं. नाताळात कारखाना दहा दिवस बंद, म्हणून त्यानं आईबाप, बायको, लेक सगळ्यांचीच तिकिटं काढली होती. नवा पासपोर्ट करायचा तर नाताळ उलटून गेला असता, आणि पुढची सुट्टी कधी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

जायच्या दिवशी वर्षानं स्वतः फ्रिजवरची डबी काढून सासूच्या हातात दिली. "तुम्हीच लावा मम्मी. फोटोत आहे तेवढाच. कमी नको, जास्त नको."

उषाबाईंनी इतक्या सन्मानानं काजळ कधी लावलं नव्हतं.

सुरतच्या विमानतळावर तापीला तिच्या आजोबांनी, लोटूआप्पांनी खांद्यावर घेतलं. आप्पांची पस्तीस वर्षं बमरोलीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली. ते कुजबुजले तरी दोन रांगा पलीकडे ऐकू जायचं. पासपोर्टच्या रांगेत तापी झोपली, आप्पांनी तिला सरळ केलं आणि पाहतात तो तीळ त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

"तीळ पुसाई गया," आप्पा कुजबुजले. सगळी रांग मागे वळली.

उषाबाईंनी लगबगीनं डबी उघडली, तापीसमोर उभं राहून आपल्या डाव्या हाताला येणारा गाल धरला आणि बोट टेकवलं. घाईत माणूस समोरच्याचं डावं-उजवं विसरतो. खिडकीवरचा साहेब विसरला नाही.

"बा, आ तल तो बीजी बाजू हतो ने?" फोटोतल्या दुसऱ्या गालावर बोट ठेवत त्यानं विचारलं.

उषाबाईंनी डबी पदराआड केली. मग आप्पा पुढे झाले. "साहेब, पोरगी आता रांगते. तीळ पण सरकला असंल जरा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वर्षाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण उषाबाईंना खोटं काही झेपेना. त्यांनी हात जोडले आणि फोटोवाल्यापासून फ्रिजपर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. साहेबानं ऐकलं, मिशीत हसला आणि शिक्का मारत म्हणाला, "मारा घरे पण आवी ज एक बा छे."

उषाबाईंनी मनोमन त्या साहेबाच्या घरच्या तसल्याच म्हाताऱ्या बाला शंभर वर्षं आयुष्य मागितलं. साहेबाला तर मागितलंच.

पहिला गड सर झाल्यावर वर्षाला धीर आला. खरं सांगितलं तर लोक समजून घेतात, असं म्हणत दुबईहून पुढच्या विमानात तिनं तापीचा गाल चकचकीत पुसला, आणि डबी समोरच्या खुर्चीच्या खिशात टाकली ती तिथेच राहिली.

व्हिएन्नाच्या खिडकीवर सोनेरी केसांची बाई होती. तिनं फोटो पाहिला, तापी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, हा तीळ कुठे गेला?

वर्षा बी.कॉम. होती, पण नजर लागण्यावर परीक्षेत तिला कुणी प्रश्न घातला नव्हता. लोक बघतात, मग बाळ आजारी पडतं, असं काहीतरी ती इंग्रजीत बोलली. बाईला त्यातलं 'आजारी' तेवढं कळलं. तिचा चेहरा बदलला आणि तिनं फोन उचलला. इकडे वर्षाच्या पर्समध्येही फोन थरथरत होता. योगेंद्र बाहेर येऊन थांबला होता. बारा पावलांवर बाप आणि मध्ये एक न सापडणारा तीळ. वर्षाचे डोळे भरून आले.

"आण तिले इकडे," उषाबाई म्हणाल्या.

त्यांनी तापीला कडेवर घेतलं आणि पाठ आपल्याकडे करून बसवलं, म्हणजे डावा गाल डावीकडेच येईल. मग स्वतःच्या डोळ्याच्या कडेचं काजळ बोटावर घेतलं आणि गालावर टेकवलं. पासपोर्ट उचलून शेजारी धरला. मसुराएवढाच तीळ, त्याच जागी.

बाई बघत राहिली. तिनं उषाबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, फोन खाली ठेवला आणि हसायला लागली. शिक्का मारताना काहीतरी बोललीही.

"काय म्हनस ती?"

"फार गोड पोरगी आहे म्हणते."

"म्हनूनच लावं ना," उषाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या परक्या बाईला मनापासून हात जोडले. ना जात एक ना भाषा, तरी बाईनं अडवलं नाही, याचं त्यांना फार वाटलं.

बाहेर नाताळचं झगमगतं झाड होतं, पण ते कुणी पाहिलं नाही. योगेंद्र उभा होता, आधीपेक्षा वाळलेला. त्यानं तापीला घेतलं. ती रडेल अशी सगळ्यांना भीती होती, पण तिनं त्याचं नाक पकडलं. त्यानं आपला गाल तिच्या गालावर टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

त्यानं मान वर केली तेव्हा तीळ त्याच्या गालावर आला होता.

वर्षानं लगेच ओला कागद काढला. उषाबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. इतला दिन एकलाच ऱ्हायना तो."

वर्षानं सासूकडे पाहिलं. कागद परत पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याच्या गालावरचा तो फिसकटलेला डाग बोटानं नीट गोल करून दिला.